बाळाचे लंगोट आणि घरचा हिशेब

घरात बाळ येणार म्हटले की दोन याद्या तयार होतात. एक यादी आजीच्या मनात असते. तिच्यात जुनी मऊ लुगडी, लंगोट, झबली, टोपडी, दुपटी, कुंची आणि मेणकापड असते. दुसरी यादी आईबाबांच्या मोबाइलमध्ये असते. तिच्यात तयार डायपरचे मोठे पुडे, ओले रुमाल, बाटल्या, पावडर, वॉकर आणि बरेच काही असते. दोन्ही याद्या मायेनेच केलेल्या असतात. पण दोहोंची बेरीज केली की तरुण जोडप्याचा महिन्याचा पगार पुरत नाही. शिवाय 'आमच्या वेळी असले काही नव्हते' आणि 'आता काळ बदलला आहे' या दोन वाक्यांवरून घरात रुसवेफुगवेही होतात.

शाळेच्या वार्तापत्रात हा विषय कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. आमच्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी धाकटे भावंड आहे. मोठ्या वर्गांतील मुलामुलींना आम्ही शेकडेवारी, सरासरी आणि अंदाजपत्रक शिकवतो. त्या गणिताला घरातल्यापेक्षा चांगले उदाहरण कुठे मिळणार? म्हणून या वेळचा पाठ पालकांनी आणि मुलांनी एकत्र बसून वाचावा, सोबत कागद-पेन्सिल घ्यावी, अशी आमची विनंती आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. 'कापडी चांगले, तयार वाईट' असा निकाल देण्यासाठी हा लेख नाही. कोणत्या घराला काय परवडेल, हे तीन प्रश्नांवर ठरते. धुणार कोण? वाळवणार कुठे? आणि टाकणार कुठे? यांची उत्तरे मिळाल्याशिवाय केलेली खरेदी ही अर्धवट खरेदी होय.

१. दोन्ही वस्तूंची ओळख

आपल्याकडचा लंगोट म्हणजे सुती कापडाचा चौकोन. तो कर्णावर दुमडून त्रिकोण करायचा आणि बंदांनी बांधायचा. सुती धाग्याला पाणी शोषण्याचा गुण आहे, पण शोषलेले पाणी तो आत कोंडून ठेवत नाही. म्हणून ओला लंगोट लगेच हाताला लागतो आणि बाळही कुरकुर करते. हा त्याचा दोष, आणि गुणही तोच. गुण कसा, ते पुढे येईलच.

तयार डायपरचे तीन थर असतात. कातडीला लागणारा वरचा थर पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या तंतूंचा, कापडासारखा दिसणारा असतो. मधल्या थरात लाकडाचा लगदा आणि सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट नावाची भुकटी असते. ही भुकटी आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी शोषते आणि तिची जेली बनते. बाहेरचा थर पातळ प्लॅस्टिकचा असतो. याशिवाय इलॅस्टिक, डिंक आणि चिकटपट्ट्या असतात. तेव्हा वर वर कापूस वाटणारी ही वस्तू बरीचशी प्लॅस्टिकची आहे.

बाजारात आता तिसरा प्रकारही मिळतो, तो म्हणजे बटणांचा कापडी डायपर. बाहेर पाणी न झिरपणारे कापड आणि आत काढता-घालता येणारी शोषक घडी. बटणे बदलून तो लहान-मोठा करता येतो. किंमत लंगोटापेक्षा पुष्कळ जास्त, पण काळजीने वापरल्यास तो दुसऱ्या बाळालाही येतो.

२. पैशांचा हिशेब

नवजात बाळाला दिवसातून दहा-बारा वेळा बदलावे लागते. वर्षानंतर हे प्रमाण चार-पाचवर येते. अडीच वर्षांची सरासरी रोज ६ धरू.

६ × ३६५ × २.५ = ५,४७५ डायपर.

एका डायपरची किंमत १० रुपये धरली तर खर्च ५४,७५० रुपये होतो. आपल्या घरी येणारा पुडा घ्या, त्याच्या किमतीला आतल्या नगांनी भागा आणि १० च्या जागी तो आकडा घाला.

आता मध्यम मार्ग पाहू. रात्री एक आणि बाहेर जाताना एक, असे रोज २ तयार डायपर वापरले, तर अडीच वर्षांत १,८२५ डायपर म्हणजे १८,२५० रुपये लागतात. बाकी वेळ कापड. त्यासाठी जुन्या कापडाचे लंगोट, शिवाय ३५० रुपयांचा एक याप्रमाणे बटणांचे १२ डायपर घेतले, तर ४,२०० रुपये. साबणाचे महिना १०० रुपये धरून ३० महिन्यांचे ३,००० रुपये. एकूण २५,४५० रुपये. म्हणजे पूर्ण तयार डायपरच्या तुलनेत २९,३०० रुपये वाचले.

मुलांनी ही वजाबाकी स्वतः करून पाहावी. मग पालकांना विचारावे की एवढ्या पैशांत घरात दुसरे काय होऊ शकले असते. बाळाच्या नावाने ठेव, आईच्या आहारातले दूध-फळे, की धुण्याला मावशी?

३. पाण्याचा आणि वेळेचा हिशेब

पैशांचा हिशेब इथेच संपवला तर कापडी लंगोट सहज जिंकतो. पण ते गणित अपुरे आहे.

बारा लंगोट हाताने धुवायला पंधरा लिटरच्या चार बादल्या धरू. रोजचे ६० लिटर, महिन्याचे १,८०० लिटर. शहरात दर माणशी दर दिवशी १३५ लिटर पाणी मिळावे, असे आपल्या देशातील नियोजनाचे माप आहे. त्यातले निम्म्याच्या जवळपास पाणी केवळ लंगोटांना लागले. इंदूरला नर्मदेचे पाणी १९७८ पासून येते, आणि ते जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर चढणीने पंपांनी आणावे लागते. ज्या घरी नळ एक दिवसाआड येतो आणि मे महिन्यात टँकर मागवावा लागतो, त्या घराला हा हिशेब वेगळा सांगायला नको.

दुसरा हिशेब वेळेचा. भिजवणे, धुणे, पिळणे, वाळत घालणे, घड्या करणे मिळून रोजची ४० मिनिटे धरली तर महिन्याचे २० तास होतात. हे २० तास कुठल्याही वहीत लिहिले जात नाहीत.

४. धुणार कोण?

हा या पाठाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, असे आम्ही मानतो.

'आमच्या वेळी सगळे कापडाचेच होते' हे आजीचे म्हणणे खरे आहे. पण त्या वेळच्या वाड्यात किंवा चाळीत धुणे-वाळवणे वाटून घ्यायला सासू, नणंद, जाऊ अशा चार बायका होत्या. बाळंतिणीला सव्वा महिना कामाला हात लावू देत नसत. आजच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती एकटी आहे, रात्री तीनदा उठते आहे, आणि काही महिन्यांत नोकरीवर परतायचे आहे. लंगोटांची सारी जबाबदारी तिच्यावर टाकून पैसे वाचवले, तर ते पैसे तिच्या झोपेतून वाचवलेले असतात.

म्हणून आमची सूचना अशी. कापड वापरायचे ठरवण्याआधी घरातील सर्वांनी बसून कामे वाटून घ्यावीत, आणि ती वाटणी कागदावर लिहावी. सकाळचे धुणे बाबांनी करावे. वाळत घालणे आणि काढणे आजोबांना जमते. घड्या आठ-दहा वर्षांचे मूलही करू शकते. ज्यांना शक्य आहे त्यांनी मावशींना या कामाचे वेगळे पैसे द्यावेत. आधीच्याच पगारात लंगोटांची बादली सरकवणे न्यायाचे नाही. वाटणी जमली नाही तर तयार डायपरची संख्या वाढवावी, आणि त्याबद्दल कोणी कोणाला बोल लावू नये. बाळाची आई विश्रांती घेत असेल तर तो खर्च वाया गेला असे समजू नये.

५. लंगोट किती आणि कसे?

'डझनभर पुरेत' किंवा 'पन्नास तरी हवेत' असे अंदाज न बांधता साधे सूत्र वापरावे.

लागणारे लंगोट = रोजचा वापर × (वाळायला लागणारे दिवस + १)

उन्हाळ्यात लंगोट एका दिवसात वाळतो. रोज १२ लागत असतील तर १२ × २ = २४. श्रावणात झड लागली की दोन दिवस लागतात, तेव्हा १२ × ३ = ३६. म्हणजे बाळ कोणत्या ऋतूत जन्मणार, यावर संख्या ठरते. पावसाळ्यात वाढीव १२ लंगोट शिवण्यापेक्षा तेवढ्या दिवसांपुरते तयार डायपर आणणे काही घरांना सोयीचे वाटेल. तेही योग्यच.

कापड घरातच शोधावे. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि १.१० मीटर रुंद असते. तिच्यातून ५५ सेंटिमीटरचे २० चौकोन निघतात. पातळ साडी असेल तर दोन चौकोन एकावर एक शिवून १० लंगोट होतात. मात्र साडी निखळ सुती हवी. आपल्या घरोघरी महेश्वरी साड्या असतात, पण त्यांतल्या गर्भरेशमी साडीत ताणा रेशमाचा आणि बाणा सुती असतो. ती लंगोटाला न वापरता दुपट्याला किंवा गोधडीला ठेवावी, आणि जरीचा काठ उसवून टाकावा. कापडाची परीक्षा सोपी आहे. त्यावर पाण्याचा थेंब टाकावा. तो लगेच पसरला तर कापड लंगोटाला चालेल. मोत्यासारखा वर बसून राहिला तर त्यात कृत्रिम धागा आहे किंवा खळ आहे. सीतलामाता बाजारातून नवे मलमल आणले असेल तर ते तीन-चार वेळा धुतल्याशिवाय नीट शोषत नाही, हे ध्यानात ठेवावे.

लंगोटाला पिन लावू नये, बंद लावावेत. बंद आखूड असावेत, म्हणजे ते बाळाच्या बोटांत किंवा पायांत गुंतणार नाहीत.

जुने जपून ठेवलेले कपडे काढताना एक इशारा. ट्रंकेत झबली-टोपडी ठेवताना अनेक घरांत डांबरगोळ्या टाकतात. या गोळ्यांत नॅफ्थलीन असू शकते. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे एन्झाइम जन्मतः कमी असते, आणि अशा बाळांच्या तांबड्या रक्तपेशी नॅफ्थलीनच्या संपर्काने फुटू लागतात. मग तीव्र कावीळ होऊ शकते. आपल्या बाळात हा दोष आहे की नाही, हे पाहून कळत नाही. म्हणून बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवूच नयेत. ठेवलेल्या असतील तर कपडे दोन-तीन वेळा धुवून, वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात घालून मगच वापरावेत. कीड लागू नये म्हणून वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरतो.

धुण्याची रीत अशी:

• शी आधी संडासात टाकावी. मोरीत किंवा उघड्या गटारात धुवू नये.
• लगेच गार पाण्यातून काढावे. गरम पाण्याने डाग पक्का बसतो.
• झाकणाच्या बादलीत ठेवावे आणि दिवसातून एकदा एकत्र धुवावे. बादलीत पाणी असेल तर झाकण घट्ट हवे, कारण घरात रांगणारे मूल असल्यास उघडी बादली धोक्याची असते.
• साबण बेताचा घ्यावा. शेवटचे पाणी फेस न येणारे असावे. राहिलेल्या साबणाने कातडी लाल होते.
• कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव लंगोटांना वापरू नये. त्याने कापडाची शोषण्याची ताकद जाते.
• जंतुनाशक औषधाची रोज गरज नाही. बाळाला जुलाब झाले असतील तेव्हा लंगोट कडक पाण्यात धुवावेत. एरवी स्वच्छ धुणे आणि कडक ऊन पुरेसे आहे.

पाणी वाचवायचे असेल तर शेवटच्या खळबळीचे पाणी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या धुण्याला किंवा संडासात ओतायला वापरावे.

६. बाळाची कातडी आणि बाळाची वाढ

लंगोटाच्या जागी येणारी लाली कापडाने होते की डायपरने, हा वाद व्यर्थ आहे. ओल, शी आणि घासणे या तिन्हींच्या संगतीने ती होते. तयार डायपर कोरडा भासतो म्हणून सहा-सहा तास तसाच ठेवला तरी लाली येते, आणि ओला लंगोट वरून प्लॅस्टिकची चड्डी घालून झाकून ठेवला तरीही येते. उपाय दोहोंत एकच. दोन-तीन तासांनी बदलावे, शी झाल्यास लगेच बदलावे, साध्या पाण्याने धुवून टिपून घ्यावे आणि दिवसातून काही वेळ बाळाला मोकळे ठेवावे. पावडर हवेत उडून श्वासावाटे आत जाते, म्हणून ती न वापरलेली बरी. दोन-तीन दिवसांत लाली न ओसरली, किंवा कातडीच्या घड्यांत बारीक लाल ठिपके दिसले, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. अशा वेळी डॉक्टरांना दाखवावे. दुकानातून विचारून आणलेले स्टेरॉइडचे मलम लावू नये.

आता लंगोटाच्या त्या गुणाविषयी. पहिल्या आठवड्यानंतर अंगावरच्या दुधावर वाढणारे बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा शू करत असेल, तर त्याला दूध पुरेसे मिळत आहे असे समजतात. लंगोट असेल तर ही मोजणी आपोआप होते. तयार डायपर दोन वेळची शूही गुपचूप शोषून घेतो आणि मोजणी चुकते. म्हणून पहिले काही आठवडे तरी दिवसा लंगोट वापरावा, असे आम्ही सुचवतो.

बाळाला दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ओढून घट्ट बांधू नयेत. त्यामुळे खुब्याच्या सांध्याची वाढ बिघडण्याचा धोका असतो. पाय बेडकासारखे गुडघ्यात दुमडून बाहेर वळलेले राहू द्यावेत. लंगोट बांधतानाही कंबरेशी दोन बोटे जातील एवढी जागा सोडावी.

आणखी एक गोष्ट आजीकडून शिकण्यासारखी. बाळाची मान धरल्यानंतर ठरावीक वेळी त्याला पायांवर बसवून 'शू-शू' करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. सक्ती न करता हे केले तर दिवसाचे दोन-तीन लंगोट सहज वाचतात.

७. टाकणार कुठे?

भरलेला तयार डायपर १५० ग्रॅमचा धरला तर ५,४७५ डायपरचे वजन ८२१ किलो होते. एका बाळाचा हा कचरा. तो कुजून खत होत नाही, आणि प्लॅस्टिक, लगदा व जेली वेगळे करणे सोपे नसल्याने भंगारातही जात नाही.

आपले इंदूर २०१७ च्या स्वच्छ सर्वेक्षणापासून सलग सात वेळा देशात पहिले आले, याचा आपल्याला अभिमान आहे. त्या यशाचा पाया घराघरांत केलेली कचऱ्याची वर्गवारी हा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये देवगुराडिया येथे रोज ५५० टन ओला कचरा जिरवून गॅस करणारा प्रकल्प सुरू झाला. आपल्या घरची भाजीची सालेही तिथे उपयोगी पडतात. पण त्या सालांत एक डायपर गेला तर तो कोणाला तरी हाताने वेचून काढावा लागतो. तो हात कोणाचा असतो, याचा विचार मुलांनी अवश्य करावा.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी डायपर आणि सॅनिटरी पॅड यांना वेगळा वर्ग दिला. इंदूरच्या कचरागाडीवरही त्यासाठी वेगळा कप्पा असतो. आपण एवढेच करायचे आहे. डायपरमधील शी संडासात टाकावी, डायपर गुंडाळून त्याच्याच चिकटपट्टीने बंद करावा, वर्तमानपत्रात बांधून कागदावर लाल खूण करावी आणि वेगळ्या डब्यात ठेवावा. तो संडासात टाकू नये, नाल्यात फेकू नये, अंगणात जाळू नये. गाडीवर येणाऱ्या सफाईमित्राला काय उचलतो आहोत हे कळले पाहिजे. तो मान आपण त्याला द्यायलाच हवा.

इथे एक गैरसमजही दूर करू. कापड म्हणजे पर्यावरणाचे भले, असे नेहमीच होत नाही. ब्रिटनमध्ये तेथील सरकारसाठी २००८ साली झालेल्या अभ्यासात अडीच वर्षांच्या वापराचा हिशेब मांडला होता. तयार डायपरमुळे सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो आणि कापडामुळे सरासरी ५७०, असे त्यात आढळले. कारण तेथील घरे पाणी फार तापवीत आणि कपडे विजेच्या यंत्रात वाळवीत. तेच लंगोट दोरीवर वाळवले, यंत्र पूर्ण भरून धुतले आणि दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडाचा भार ४० टक्क्यांनी घटत होता. २०२३ मध्ये तेथेच प्रसिद्ध झालेल्या नव्या अभ्यासात कापडाचा भार तयार डायपरपेक्षा सुमारे २५ टक्के कमी आढळला. आपल्याकडे गच्चीवरचे ऊन फुकट आहे आणि लंगोट धाकट्या भावंडाला जाण्याची रीतही जुनीच आहे. हे दोन्ही सांभाळले तरच कापडाचा फायदा पदरात पडतो.

८. बाजारात जाताना

बाळाच्या खरेदीत आपण भावनेच्या भरात असतो, हे दुकानदार ओळखून असतो. म्हणून काही सवयी लावून घ्याव्यात.

पहिली सवय, वाढ ध्यानात घेण्याची. बाळाचे वजन पाचव्या-सहाव्या महिन्याला जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होते. म्हणून सर्वांत लहान मापाचे कपडे चार-सहाच पुरतात.

दुसरी सवय, एका नगाचा दर पाहण्याची. तो आता पाकिटावर छापलेला असतो. पण केवळ तो दर पाहून फसू नये. समजा, ५ डायपरचा पुडा ७० रुपयांना आहे, म्हणजे नग १४ रुपये. ५६ चा पुडा ६१६ रुपयांना आहे, म्हणजे नग ११ रुपये. मोठा स्वस्त वाटतो. पण ३६ वापरल्यावर बाळ पुढच्या मापाला गेले आणि २० उरले, तर वापरलेला प्रत्येक डायपर १७ रुपयांहून जास्त पडला. लहान मापाचा मोठा पुडा घेऊ नये तो यासाठी.

तिसरी सवय, जाहिरात वाचण्याची. दोन वर्षांखालील बाळाचे दुधाची पावडर, तयार अन्न आणि दुधाची बाटली यांची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, पाणीही देऊ नये, हा त्यामागचा विचार आहे. डायपर, पावडर, तेल यांना असे बंधन नाही. म्हणून त्या जाहिरातीतले हसरे बाळ पाहून यादी वाढवू नये.

चौथी सवय, सुरक्षिततेची. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे सक्तीचे आहे. ते नसलेले खेळणे घेऊ नये. वॉकर घेऊच नये. त्याने बाळ लवकर चालत नाही, उलट जिन्यावरून पडण्याचे अपघात होतात. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली ती याच कारणाने. मापात, किमतीत किंवा मालात फसवणूक झाली तर पावती जपून ठेवावी आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करावी.

पाचवी सवय, मागण्याची आणि देण्याची. पाळणा, दुपटी, बटणांचे डायपर एका घरातून दुसऱ्या घरात गेले तर त्यात कमीपणा नाही. आपल्या समाजात पाळणा फिरत राहणे हे शुभच मानले गेले आहे. फक्त बांधण्यापूर्वी त्याचे स्क्रू, कड्या आणि दोर तपासावेत. बारशाला पंचवीस फ्रॉक जमण्यापेक्षा पाच-सहा जणांनी मिळून दोन डझन लंगोट आणि मेणकापड द्यावे. त्याहूनही चांगली भेट म्हणजे 'पुढचा आठवडाभर लंगोट मी धुऊन देईन' असे सांगणारी मावशी, आत्या किंवा काका.

स्वाध्याय

१. आपल्या किंवा शेजारच्या घरातील बाळाला दिवसभरात किती वेळा बदलले, याची तीन दिवस नोंद करून सरासरी काढा.
२. बारा लंगोट धुवायला प्रत्यक्ष किती बादल्या पाणी लागले, ते मोजा. आमच्या अंदाजापेक्षा ते कमी निघाले की जास्त?
३. एकाच मापाच्या डायपरच्या तीन पुड्यांचा एका नगाचा दर काढा. पुडा किती दिवस पुरेल, तेही लिहा.
४. घरातील कोणते काम कोण करते, याचा आठवड्याचा तक्ता करा. बाळाच्या कामांचे तास ज्याच्या-त्याच्या नावापुढे लिहा आणि बेरीज घरातील सर्वांना वाचून दाखवा.
५. कचरागाडीवरील सफाईमित्राला आदराने विचारा: डायपर वेगळे न दिल्यास त्यांना काय करावे लागते? उत्तर चार ओळींत लिहा.

चौथ्या प्रश्नाचा तक्ता पालकांनी मुलांना भरू द्यावा, त्यात फेरफार सुचवू नये. बेरीज पाहून घरात कामांची वाटणी बदलली, तर तेच या पाठाचे खरे उत्तर आहे असे आम्ही समजू.